पंचायतीत आणि ग्रामसभेत १६ पूर्ण झालेल्यांना मत द्यावं का? (गोव्यापुरती चर्चा)

कुळागर
मतदानाचं वय १६ करावं का, हा विषय निघाला की बोलणं लगेच दिल्लीला पोचतं आणि तिथेच राहतं. मला ते गावात आणायचंय. लोकसभा-विधानसभेचं १८ तसंच राहू दे. गोव्यातल्या १९१ ग्रामपंचायतींत, म्हणजे पंच निवडताना आणि ग्रामसभेत हात वर करताना, १६ पूर्ण झालेल्यांना मत असावं असं माझं म्हणणं आहे.

ग्रामसभेपुढे काय येतं ते बघा. कचऱ्याची शेड कुठे बांधायची, डोंगराच्या उतारावरचं बांधकाम होऊ द्यायचं का, मैदान राखायचं की त्याचं पार्किंग करायचं, गावच्या झरीचं काय करायचं. यातला एकही विषय अकरावीतल्या मुलाच्या डोक्यावरून जाणारा नाही. आणि आपण घेतलेल्या निर्णयाबरोबर त्याला आपल्यापेक्षा तीस-चाळीस वर्षं जास्त राहायचंय.

दुसरं म्हणजे वयाचं गणित. कागदावर १८ व्या वर्षी मत मिळतं, पण पंचायत निवडणूक पाच वर्षांतून एकदा. त्यामुळे पंचायतीसाठीचं पहिलं मत १८ ते २३ च्या मध्ये कधीतरी पडतं, सरासरी साडेवीस. निवडणुकीनंतर दोन महिन्यांनी १८ पूर्ण करणारी मुलगी आपल्या वॉर्डाचा पंच निवडायला जवळजवळ २३ व्या वर्षी जाते. तोवर ती शिकायला पुण्याला किंवा बेळगावला जाऊन परतही आलेली असते, नाहीतर कायमची गेलेली असते. वय १६ केलं तर पहिलं मत १६ ते २१ मध्ये पडेल आणि त्यातली बरीच मुलं अजून गावात असतील.

बहुतेक पंचायतींची निवडणूक ऑगस्ट २०२२ मध्ये झाली, म्हणजे मुदत २०२७ मध्ये संपते. बोलायचं तर आताच बोलायला हवं.

घुमट
चवथीला माटोळीला (गणपतीवरच्या फळापानांच्या चौकटीला) काय बांधायचं हे घरात कुणी सोळा वर्षांच्या पोराला विचारत नाही, पण नवा मोबाईल कुठला घ्यायचा यावर सगळं घर त्याचंच ऐकतं. 🙂 माझा पाठिंबा. पण कायद्यात बसतं का हे?

तिसवाडीकर
बसू शकतं, पण वाट सरळ नाही. घटनेचा अनुच्छेद ३२६ प्रौढ मताधिकाराचा. त्यात लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा एवढ्याच निवडणुकांचं नाव आहे. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने तिथलं २१ काढून १८ घातलं. डिसेंबरात दोन्ही सभागृहांत मंजुरी, निम्म्याहून जास्त राज्यांची संमती, आणि २८ मार्च १९८९ पासून अंमल. लोकसभेचं वय पुन्हा खाली आणायचं तर परत घटनादुरुस्तीच लागेल.

पंचायती नवव्या भागात येतात. तिथे निवडणूक लढवायचं वय लिहिलंय, २१, अनुच्छेद २४३-एफ मध्ये. मतदाराचं वय त्या भागात लिहिलेलं नाही. २४३-के म्हणतो की पंचायत निवडणुकीशी संबंधित बाबींवर राज्य विधानमंडळ कायदा करू शकतं. कुळागर यांच्या म्हणण्याला जागा मिळते ती इथे. गोवा पंचायत राज अधिनियम १९९४ आणि त्याखालचे निवडणूक नियम, दोन्ही बदलावे लागतील.

अडचण यादीची आहे. राज्य निवडणूक आयोग पंचायतीसाठी स्वतंत्र मतदार शोधत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती वॉर्डवार फोडतो. विधानसभेच्या यादीत १६-१७ ची मुलं येऊच शकत नाहीत, म्हणजे त्यांची वेगळी पुरवणी यादी करावी लागणार. ती कोण करणार, कुठल्या कर्मचाऱ्यांकडून, दाव्या-हरकती कोण ऐकणार, हे कायद्यात लिहिल्याशिवाय पहिल्याच निवडणुकीनंतर प्रकरण न्यायालयात जाईल. देशात आज सगळीकडे पंचायतीलाही १८ च आहे, त्यामुळे आधार म्हणून दाखवायला दुसऱ्या राज्याचं उदाहरण नाही.

एक चांगली गोष्ट. ग्रामसभेचा सभासद कोण, तर गावाच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस, एवढीच व्याख्या अनुच्छेद २४३ मध्ये आहे. पुरवणी यादी त्या 'यादी'त धरली गेली, तर ग्रामसभेसाठी वेगळी तरतूद करावी लागणार नाही.

बांधावरचा
मी विरोधात. मुलांना समजत नाही म्हणून नव्हे, चांगलं समजतं. माझी अडचण वॉर्डाच्या आकाराची आहे.

विधानसभेत मत गर्दीत मिसळतं. पंचायतीत उमेदवार म्हणजे शेजारच्या घरातला काका. आपल्याकडे पंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, २०२२ मध्ये मतपत्रिकेवर झाली, आणि वॉर्डाची मोजणी वॉर्डापुरतीच असते. कुठल्या घरातून किती मतं कुणाला पडली याचा अंदाज संध्याकाळी वाड्यावर बांधला जातो आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो. १८ वर्षांच्या मुलाला निदान घराबाहेर पडायची सोय असते. सोळा वर्षांचं मूल घरच्यांच्या पैशावर शिकतंय, घरच्यांच्या गाडीवरून शाळेत जातंय. त्याचं मत त्याचं राहील कसं? चार मतांच्या घराला सहा मतं मिळतील, एवढाच फरक पडायची भीती वाटते.

खाजन
बांधावरचा यांनी आकाराचा मुद्दा काढलाच आहे, तर आकडे मांडतो. दहावीच्या परीक्षेला गोवा बोर्डाकडून दरवर्षी १९-२० हजारांच्या आसपास मुलं बसतात. म्हणजे १६ आणि १७ वयाची मिळून सुमारे ३८-४० हजार. ४० मतदारसंघांत वाटली तर प्रत्येकी हजाराच्या जवळ.

हे लहान वाटत असेल तर २०२२ च्या विधानसभेतल्या विजयी उमेदवारांच्या मतांच्या आघाड्या आठवा: सांत आंद्रे ७६, फोंडा ७७, प्रियोळ २१३, साखळी ६६६, पणजी ७१६. विधानसभेला १६ लागू करा असं मी म्हणत नाही. हजार हा आकडा गोव्यात किती मोठा आहे एवढंच दाखवतोय.

पंचायत वॉर्डात ढोबळमानाने पाचशे मतदार धरले तर पुरवणी यादीत १५-१६ मुलं येतील. पंचायतीत पाच-दहा मतांनी निकाल लागणं नेहमीचं, आणि बरोबरी झाली की चिठ्ठी टाकतात. त्यामुळे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. या १५ मुलांना नक्की वजन येईल, आणि म्हणूनच त्यांच्यावर दडपणही येईल. उमेदवार त्यांच्या दारात जाईल. आज तो त्यांना ओलांडून आईवडिलांशी बोलतो.

मांडवीपार
बाहेरचे दाखले. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सगळ्या निवडणुकांसाठी १६ केलं, पण त्याआधी तिथल्या काही प्रांतांनी गावपातळीवर ते करून पाहिलं होतं. जर्मनीत लोअर सॅक्सनीने १९९० च्या दशकातच पालिका निवडणुकीला १६ लावलं. पुढे एकेक राज्य तसं करत गेलं आणि २०२४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीभर १६ वर्षांच्यांनी मत दिलं. एस्टोनियात आजही १६ फक्त स्थानिक निवडणुकीला. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात १६ आणलं आणि पुढच्या वर्षी कायदा करून स्वतःच्या संसदेला आणि स्थानिक निवडणुकांना कायम केलं. म्हणजे कुळागर म्हणतात ती 'आधी गाव' ही वाट मळलेली आहे.

ब्राझीलचा प्रकार वेगळा. १८ ते ७० ला मतदान सक्तीचं, १६-१७ ला ऐच्छिक, १९८८ च्या घटनेपासून. ज्याला हवं तो नाव घालतो.

ऑस्ट्रियातून एक शिकण्यासारखं आहे. तिथे १६-१७ ची मुलं १८ ते २० वाल्यांपेक्षा जास्त प्रमाणात मतदानाला गेलेली दिसली. कारण साधं: सोळाव्या वर्षी मूल घरी असतं, शाळेत असतं, पत्ता बदललेला नसतो. अठराव्या वर्षी नेमकी घर सोडायची धांदल. बांधावरचा यांना जे घर दडपण वाटतं, त्याच घरातून पहिल्या मतदानाला सोबतही मिळते.

घुमट
सार्वमत म्हटल्यावर आपला १९६७ चा ओपिनियन पोल आठवला. तेव्हा वय काय होतं?

पेडणेकर_काका
२१. मतदान १६ जानेवारी १९६७ ला झालं, देशात सगळीकडे २१ च होतं तेव्हा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, हा तो प्रश्न. फरक ३४,०२१ मतांचा. प्रश्न पुढच्या सगळ्या पिढ्यांचा, आणि तेव्हा १८, १९, २० वर्षांची असलेली पोरं सभांना गेली, भिंती रंगवल्या, पण पेटीपर्यंत पोचू शकली नाहीत. त्यांनी निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आज १८ ला जो तो नैसर्गिक आकडा समजतो, तो तसा नाही. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, त्यानंतरची ४० जागांची पहिली विधानसभा १९८९ ची, आणि १८ वर्षांच्यांनी पहिल्यांदा मत दिलं तेही त्याच वर्षी. तेव्हाही "पोरंटोरं कुणाच्याही नादी लागतील" हेच ऐकू येई.

बांधावरचा
काका, मान्य. पण १९८९ मध्ये १८ केल्यावर आज १८-१९ ची मुलं यादीत आहेत का, ते आधी बघूया. नाहीतर १६ चा उपयोग काय?

खाजन
नाहीत, निम्मीसुद्धा नाहीत. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेला आकडा असा: देशात एकूण मतदार ९६.८८ कोटी, त्यात १८-१९ वयाचे १.८४ कोटी. देशात दरवर्षी दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात, म्हणजे त्या दोन वर्षांची मिळून चार कोटींहून जास्त असायला हवीत. अर्ध्याहून जास्त यादीबाहेर.

वाड्यावरची
ती बाहेर का राहतात ते सांगते, कारण यातलं बरंचसं टाळता येतं.

आधी तारखा. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला १८ झालात तर वर्षभर थांबा. १ ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. तो ठेवून घेतात आणि ज्या तिमाहीत १८ पूर्ण होतात त्या तिमाहीत निकाली काढतात. हे शाळांत अजून पुरेसं माहीत नाही.

अर्ज नमुना ६. ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) कागदावर द्या. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन, नाहीतर जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र. पत्त्यासाठी आधार, पासबुक, वीज-पाण्याचं बिल.

अडकतं कुठे? एक, नावात. जन्मदाखल्यावर 'नायक', आधारवर 'नाईक', दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर गायब. यादीत कसं यायला हवं ते आधी ठरवा आणि वयाचा पुरावा त्याच स्पेलिंगचा लावा. दोन, घर क्रमांकात. पंचायतीने नव्याने क्रमांक दिले की घरपट्टीवर एक आणि आईवडिलांच्या मतदार नोंदीत दुसराच राहतो. मूल नव्या क्रमांकाने अर्ज करतं आणि यादीच्या भलत्या भागात जातं. पंचायतीला हे फार महागात पडतं, कारण भाग चुकला की वॉर्ड चुकतो. त्यासाठी अर्जात घरच्या माणसाच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहा, नोंद त्याच घराशी जोडली जाते. तीन, बीएलओ येतो तेव्हा घर बंद. अर्जातला मोबाईल मुलाचा असतो आणि अनोळखी नंबर म्हणून तो फोन उचलत नाही. चालू असलेला नंबर द्या, संदर्भ क्रमांक जपून ठेवा, आठ-दहा दिवसांनी स्थिती बघा.

४ नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात यादीचं विशेष सखोल पुनरीक्षणही झालं, त्यात जुळवणी २००२ च्या यादीशी होती. आईवडिलांचं नाव त्या यादीत कुठल्या भागात, कितव्या क्रमांकावर होतं, ते घरी लिहून ठेवा. नव्या अर्जदाराला ते विचारलं जाऊ शकतं.

आणि शेवटचं: कार्ड हातात आहे म्हणजे मत आहे असं नव्हे. यादीत नाव हवं. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी नवं नाव घालता येत नाही.

सत्तरीकन्या
वाड्यावरची ताई, हे छापून प्रत्येक हायर सेकंडरीच्या फलकावर लावण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईत हॉस्टेलला राहणाऱ्यांचं काय?

वाड्यावरची
हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंद करता येते, संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. किंवा गावचीच ठेवता येते. दोन्हीकडे नको. एकाहून जास्त ठिकाणी नाव ठेवायला १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ ने मनाई आहे, आणि अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पंचायतीला मत द्यायचं असेल तर गावचीच ठेवा.

मांडवीपार
अवांतर, पण गोव्यात हे सुटत नाही म्हणून लिहितो. पोर्तुगीज पासपोर्टसाठी कागद करणाऱ्या घरांत मुलांची नावं यादीत घालताना जपून. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि नागरिक नसलेल्याला यादीत राहता येत नाही. मुलाचं नक्की काय झालंय हे त्या मुलालाच माहीत नसतं, सगळं आईवडिलांनी केलेलं असतं. सही करायच्या आधी विचारून घ्या.

तिसवाडीकर
बरोबर, आणि हरकत नमुना ७ वर येते. पण हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे, इथे नको वाढवूया.

मूळ मुद्द्यात एक मोठी गोष्ट राहिली. आपली मतदारयादी सार्वजनिक असते. नाव, आईवडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, सगळं कुणालाही उतरवून घेता येतं. पुरवणी यादी म्हणजे वॉर्डातल्या १६-१७ वर्षांच्या मुलामुलींची, घर क्रमांकासकट, वेगळी छापलेली यादी. कुठल्या घरात सोळा वर्षांची मुलगी राहते हे शोधायला याहून सोपं साधन मिळणार नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदाही १८ खालच्याला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळणी केलेली संमती मागतो. स्कॉटलंडमध्ये १६ खालच्यांची आगाऊ नोंद होते, पण ती नावं लोकांसाठीच्या यादीत येत नाहीत. तशी काळजी आपल्याकडे कायद्यातच लिहावी लागेल.

सत्तरीकन्या
हा मुद्दा मनाला लागला. यावर तोडगा निघाल्याशिवाय मी तरी पाठिंबा देणार नाही.

मधली एक वाट सुचवते. कर्नाटकात मुलांची ग्रामसभा भरते, 'मक्कळ ग्रामसभा', पंचायतीसमोर. शाळेची वाट, मुलींचं स्वच्छतागृह, बसच्या वेळा, असले विषय मुलं मांडतात आणि पंचायतीने उत्तर द्यायचं असतं. आपल्याकडे शाळांत निवडणूक साक्षरता मंडळं २०१८ पासून आहेत, नववी ते बारावीसाठी. बऱ्याच ठिकाणी त्यांचं काम २५ जानेवारीच्या, मतदार दिनाच्या शपथेपुरतं उरतं. तीच मंडळं धरून ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात मुलांची सभा घ्यायची. आपल्या नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या रविवारी असतात, आणि अर्हता तारखाही त्याच महिन्यांच्या. त्याच आठवड्यात बीएलओला शाळेत बोलवायचं, १७ पूर्ण झालेल्यांचे आगाऊ अर्ज तिथेच भरून घ्यायचे. एका फेरीत दोन कामं.

कुळागर
सत्तरीकन्याताई, मुलांची सभा हवीच. पण ती मताच्या बदल्यात नको. सल्ला देणाऱ्याचं ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं. ठरावावर हात मोजले जातात तेव्हाच पंच मुलांच्या बाकाकडे बघेल. आपल्याकडे लोक उठून बसले की काय होतं ते 'प्रादेशिक आराखडा २०११' च्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीचा २०११ पर्यंतचा वापर ठरवणाऱ्या आराखड्याच्या वेळी दिसलं, २००७ मध्येच तो रद्द करावा लागला. गावातल्या जमिनीचा रंग नकाशावर बदलतो तेव्हा ती जमीन ज्यांना पुढे कसायची किंवा गमवायची आहे, त्यांचा आवाज नोंदला गेला पाहिजे.

तिसवाडीकर यांचा खासगीपणाचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

घुमट
आणि पैशांचं? वॉर्डात १५ मुलं आणि निकाल पाच मतांवर, तर वाटणारे मोबाईल रिचार्जपासून सुरू करतील.

तिसवाडीकर
लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १७०. पण १७ वर्षांच्याने घेतली तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल, प्रौढाने दिली तर नेहमीच्या न्यायालयात. त्यामुळे दुरुस्तीत असं हवं की अल्पवयीन मतदाराला लाच देणाऱ्या किंवा धमकावणाऱ्या उमेदवाराला ठरावीक वर्षं पंचायत निवडणूक लढवता येणार नाही. नुसता दंड ठेवला तर तो खर्चात धरला जाईल.

वयाच्या रेषेबद्दलही. एकच वय सगळ्याला लावलेलं नाही कायद्यात. ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी १६ ला. अतिगंभीर गुन्ह्यात १६ पासून प्रौढ म्हणून खटला चालू शकतो, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, आधी मंडळाने तपासणी करून. कॅसिनोत शिरायला २१. पंच व्हायला २१, आमदार व्हायला २५. जिथे घाई आणि मोह आहे तिथे रेषा वर, जिथे बसून विचार करायचा आहे तिथे खाली असू शकते. मतदान दुसऱ्या प्रकारात येतं. तारीख आधी कळते, उमेदवार आधी कळतात, विचार करायला आठवडे मिळतात.

बांधावरचा
तिसवाडीकर, हा युक्तिवाद मला पटला. दडपणाची भीती तरी जात नाही, पण ती कमी करता येईल असं आता वाटतं. दोन गोष्टी करा. एक, मोजणी वॉर्डाची एकट्याची नको. निदान दोन-तीन पेट्यांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय व्हावी.

खाजन
ते पंच निवडणुकीत जमणार नाही हो. प्रत्येक वॉर्डाचे उमेदवार वेगळे, मतपत्रिका वेगळ्या. मिसळल्या तरी पुन्हा वॉर्डवार वेगळ्या कराव्या लागतील. जिल्हा पंचायतीला जमेल, तिथे एका मतदारसंघात बरीच केंद्रं येतात.

बांधावरचा
खरंय, ते सुटलं माझ्याकडून. मग दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सुरुवात पंच निवडण्यापासून करू नका, ग्रामसभेपासून करा. ग्रामसभेत माणूस उघड बोलतो, प्रश्न गावाचा असतो, उमेदवाराचा नसतो. आणि वार्षिक अंदाजपत्रक किंवा लाभार्थी निवडीसारख्या विषयावर हात वर करण्याऐवजी चिठ्ठीने मत घ्या. मोठ्यांनाही ते हवंच आहे. आईवडिलांच्या शेजारी बसून त्यांच्याविरुद्ध हात वर करणं सोळाव्या वर्षी अवघड आहे, चिठ्ठीवर सोपं.

पेडणेकर_काका
हे बरं सुचवलंत बाब. चिठ्ठीने मत घेतलं तर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) शेजारी बसलेल्या मुंडकारालाही (त्याच्या जमिनीत घर असलेल्यालाही) मोकळं वाटेल.

तिसवाडीकर
कायद्यानेही हे हलकं पडतं. ग्रामसभेची घटनेतली व्याख्या यादीशी बांधलेली आहे, त्यामुळे पुरवणी यादी न करता १६-१७ च्यांना पूर्ण सभासद करता येणार नाही. पण राज्याचा कायदा बदलून त्यांना 'सहसभासद' म्हणून बोलायचा आणि ठरावीक विषयांवर मत नोंदवायचा हक्क देता येईल. ते मत इतिवृत्तात वेगळं लिहायचं. आणि यादी छापायची गरजच नाही: शाळेचं ओळखपत्र आणि घरातल्या मतदाराचा यादी क्रमांक सचिवाला दाखवायचा, नोंदवहीत सही करायची. नोंदवही पंचायतीच्या कपाटात. खासगीपणाचा प्रश्न बराचसा सुटतो.

सत्तरीकन्या
शाळा सोडलेल्यांकडे शाळेचं ओळखपत्र नसतं. तिथे आधार किंवा जन्मदाखला चालवा. नाहीतर कामाला लागलेली मुलं पुन्हा बाहेर राहतील, आणि गावात सगळ्यात जास्त वेळ तीच असतात.

तिसवाडीकर
हो, ते हवंच.

कुळागर
मग मी मागे सरकतो. २०२७ च्या पंच निवडणुकीत १६ हे आता मागत नाही. ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा असा केलाय:

"गावातील १६ वर्षे पूर्ण झालेल्या व १८ पूर्ण न झालेल्या रहिवासी नागरिकांना ग्रामसभेत उपस्थित राहण्याचा, बोलण्याचा, आणि वार्षिक अंदाजपत्रक, कचरा व्यवस्थापन, मैदाने, जलस्रोत व जमीन वापर या विषयांवर चिठ्ठीद्वारे मत नोंदवण्याचा हक्क मिळावा. ते मत इतिवृत्तात स्वतंत्र नोंदवावे. ओळखीसाठी शाळेचे ओळखपत्र, आधार किंवा जन्मदाखला ग्राह्य धरावा. त्यांची यादी प्रसिद्ध करू नये. यासाठी गोवा पंचायत राज अधिनियमात दुरुस्ती करावी, अशी शिफारस ही ग्रामसभा राज्य सरकारला करते."

बांधावरचा
'जमीन वापर' नंतर 'बांधकाम परवाने' घाला. खरी भांडणं तिथे होतात. आणि 'चिठ्ठीद्वारे' हा शब्द सगळ्या सभासदांना लागू करा, फक्त मुलांना नको, नाहीतर त्यांची चिठ्ठी वेगळी ओळखू येईल.

कुळागर
पण मुलांचं मत इतिवृत्तात वेगळं लिहायचं तर वेगळी मोजावी लागणार.

वाड्यावरची
दोन डबे ठेवा, चिठ्ठ्या एकाच रंगाच्या. मुलांचा डबा वेगळा मोजा, पण आत किमान दहा चिठ्ठ्या असतील तरच वेगळा आकडा लिहा. चार मुलं आली आणि चारही मतं एकीकडे पडली तर प्रत्येकाचं मत गावाला कळेल. दहापेक्षा कमी असतील तर 'उपस्थित इतके' एवढंच लिहायचं आणि चिठ्ठ्या मोठ्या डब्यात मिसळायच्या.

बांधावरचा
हे घाला मसुद्यात, माझी पहिली सही घ्या. पुढची विशेष ग्रामसभा कधी?

वाड्यावरची
विशेष ग्रामसभा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरला असतात. यातली जी आधी येईल ती धरा. विषय आयत्या वेळी मांडला तर "पुढच्या सभेत बघू" म्हणतात, म्हणून नोटीस निघायच्या आधी सचिवाकडे लेखी द्या, दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून घ्या.